बारा भागिले चार पॉइंट आठ

फेब्रुवारी उतरणीला लागला की सोलापुरात कूलरच्या गवताचे गठ्ठे फुटपाथवर येतात आणि मला काळजी लागते. बाकीच्यांना उन्हाळ्याची चाहूल मोगऱ्यानं लागत असेल, रसवंतीच्या घुंगरांनी लागत असेल. मला ती वार्निशच्या वासानं लागते. मोटारीच्या नव्या तारेवर चढवतात ते वार्निश, गोडसर आणि घशाला खवखवणारं. खरं म्हणजे तो वास आता येण्याचं काही कारण नाही. अब्बांचं दुकान बंद होऊन कैक वर्षं झाली आणि मी ज्या कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवते तिथं फिनेल आणि खडूशिवाय कशाचाच वास नसतो. तरी प्रॅक्टिकलच्या परीक्षेची टेबलं मांडली, प्रत्येकावर एक बॅटरी, एक व्होल्टमीटर, एक ॲमीटर आणि तारेचं एक भेंडोळं ठेवलं, की तो वास कुठूनसा येतो आणि दोन आठवडे हलत नाही.

मी मुळातच काळजीखोर बाई आहे. गॅस बंद केला का हे तीनदा बघते. इस्त्रीची पिन काढली होती का हे आठवत नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून रिक्षा वळवलेली आहे. नवरा म्हणतो, तुला काळजीला विषय मिळाला नाही तर तू त्याचीच काळजी करत बसशील. म्हणू दे. पण ही फेब्रुवारीची काळजी त्यातली नाही. हिला आकडा आहे. मी बारावीत असताना अशाच एका फेब्रुवारीत एका रजिस्टरातलं रीडिंग ब्लेडनं खरवडून काढलं आणि त्याच्या जागी दुसरं लिहिलं. त्या रीडिंगच्या मागं माझ्या बापाचा हात होता. तेव्हा मला ते कळलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

अब्बांचं दुकान रिवाइंडिंगचं. म्हणजे जळालेली मोटार यायची, अब्बा तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार छिन्नीनं तोडून काढायचे आणि नवी तार वेढे मोजून खाचांमध्ये भरायचे. आठ बाय दहाची खोली, एक लाकडी पाट, भिंतीला टांगलेली तारेची रिळं. लोकांचा उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, आणि आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू व्हायच्या. व्होल्टेज बसायचं. व्होल्टेज कमी पडलं की मोटार तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, तापते, आणि शेवटी जळते. शाळेत आम्हाला हे सूत्र म्हणून शिकवलं. मला ते त्याच्या आधीच माहीत होतं, कारण ज्या दिवशी गल्लीत पाणी सुटे त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसे.

आणि दुकानाचं नाव होतं ते अब्बांच्या हातावर. मोटार भरून झाली की ती पाण्याच्या पिंपाला लावून दहा-पंधरा मिनिटं चालवायची आणि मग अब्बा तिच्या अंगावर उजवा तळहात ठेवायचे. डोळे मिटून. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. तेवढा वेळ गिऱ्हाईक मोटारीकडं बघत नसे, अब्बांच्या तोंडाकडं बघे. अब्बा डोळे उघडून म्हणायचे, “थंडा है. ले जाव.” झालं. होटगीपासून जेऊरपर्यंतची माणसं या दोन शब्दांवर मोटार उचलून घेऊन जात. तीस वर्षं कुणी मीटर मागितला नाही.

मीटरचा नाद आणला तो मी. बारावीचं वर्ष, डोक्यात फिजिक्सचं वारं. तारेच्या दोन टोकांना किती व्होल्ट लावले आणि तिच्यातून किती ॲम्पिअर गेले, हे कळलं की एकाला दुसऱ्यानं भागायचं, तारेचा रोध मिळतो. गुणलं की वॅट मिळतात, म्हणजे ती किती वीज खाते ते. एवढ्या दोन गणितांत जग मावतं असं मला वाटायला लागलं होतं. घरातली एक वस्तू मी सोडली नाही. वार्निश वाळवायला अब्बा मोटारीच्या पोकळ पोटात दोनशे वॅटचा बल्ब टांगून वर पोतं टाकायचे. त्या बल्बातून शून्य पॉइंट सत्त्याऐंशी ॲम्पिअर जातात, दोनशे तीसला त्यानं भागलं की दोनशे चौसष्ट ओम. हे मी अम्मीला भाकऱ्या करताना ऐकवलं. अम्मी म्हणाली, “हौ, अब पीठ दे.”

अब्बांना मात्र मौज वाटली. कुठल्याशा रिक्षाची जुनी बारा व्होल्टची बॅटरी त्यांनी चार्ज करून दिली, फळीवर एक ॲमीटर बसवून दिला आणि म्हणाले, “तेरा प्रॅक्टिकल इधरच कर.” मग मी एक लांब रजिस्टर सुरू केलं. प्रत्येक मोटार भरून झाली की तिच्या मुख्य तारेला बॅटरी लावायची, ॲम्पिअर बघायचे, भागाकार करायचा. त्या मापाच्या चांगल्या मोटारीला तीन पॉइंट पंच्याहत्तर ॲम्पिअर यायचे. बारा भागिले तीन पॉइंट पंच्याहत्तर, बरोबर तीन पॉइंट दोन ओम. पहिल्या सातही मोटारींना तीन पॉइंट दोनच्या आसपास आलं आणि सातही वेळा अब्बांचा हात म्हणाला, थंडा है. माझा भागाकार आणि बापाचा तळहात एकच उत्तर देतात, याचा मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू. मी रजिस्टराला खाकी कव्हर घातलं होतं.

आता कॉलेजातली एक रीत सांगते. प्रॅक्टिकलचं जर्नल ज्यानं लिहिलंय त्याला ती माहीत असते, न लिहिणाऱ्यानं कानांवर हात ठेवावेत. टेबलावरच्या तारेचं उत्तर आधीच फुटलेलं असतं. मागच्या बॅचनं सांगितलेलं असतं, नाहीतर शिपाईमामा हळूच सांगतात. मग रीडिंग घ्यायचं नाही, जुळवायचं. उत्तराकडून उलटं चालत यायचं. अमुक ओम यायला हवेत, तर तमुक व्होल्टला किती ॲम्पिअर दाखवावेत ते काढायचं आणि ते तक्त्यात भरायचं, एखाद्या ठिकाणी मुद्दाम किंचित चुकवून, म्हणजे खरं वाटतं. आमचे सर तर स्पष्टच म्हणायचे, “उत्तर येत नसेल तर चूक तारेची नसते, तुमची असते.” जर्नलमध्ये खाडाखोड चालत नसे, म्हणून सगळ्यांच्या कंपासमध्ये अर्धं ब्लेड असायचं. चुकलेला आकडा ब्लेडनं अलगद खरवडायचा, नखानं कागद घोटायचा आणि वर नवा आकडा. माझा त्यात हातखंडा होता. मैत्रिणी माझ्याकडून खरवडून घ्यायच्या.

परवा आमच्या परीक्षेत महादेवी नावाच्या पोरीच्या हातात मला तेच अर्धं ब्लेड दिसलं. अक्कलकोटच्याही पलीकडल्या गावाहून रोज एसटीनं येते, घरी कन्नड बोलतात, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिच्या टेबलावरच्या तारेचं उत्तर पाच यायला हवं होतं आणि तिच्या तक्त्यात दोन पॉइंट सहा होतं. घामानं तिचा कागद ओला झाला होता. मी जवळ जाऊन तिचा हात धरला आणि म्हटलं, खोडू नको. माझा आवाज जरा जास्तच कडक लागला असावा, कारण आख्खी लॅब माझ्याकडं बघायला लागली. बाहेरून आलेले परीक्षक माळशिरसकडचे, मऊ बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, “मॅडम, जाऊ द्या की, पोरगी घाबरलीय.” पोरगी घाबरली होतीच. पण तिच्यापेक्षा मी जास्त घाबरले होते, आणि कशाला, ते तिथं कुणाला सांगणार.

त्या वर्षी आमच्या घरात एक विनोद चालला होता. अब्बा दुकानातून घरी यायचे ते एकाच चपलेनं. दुसरी वाटेत कुठंतरी सुटलेली, आणि यांना पत्ताच नाही. एकदा चहाच्या टपरीपुढं सापडली, एकदा मशिदीच्या कोपऱ्यावर. अम्मी म्हणायची, उद्या डोकं विसरून याल. आम्ही हसायचो, अब्बाही हसायचे. मी फिजिक्सवाली, मी त्याला घर्षण कमी झाल्याचं शास्त्रीय कारणसुद्धा दिलं होतं. पायातली चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही, म्हणजे काय झालेलं असतं, हे घरातल्या एकालाही सुचलं नाही.

प्रॅक्टिकलला दहा-बारा दिवस राहिले होते तेव्हा होटगीच्या बसप्पांची मोटार आली. बसप्पांच्या गोठ्यात गुरं पुष्कळ आणि विहिरीवर तेवढी एकच मोटार. अब्बांनी बाकीची कामं मागं सारून ती भरली. मी दुपारी कॉलेजातून आले, दप्तर ठेवलं, बॅटरी लावली. काटा चार पॉइंट आठवर गेला. वायर घट्ट केल्या, पुन्हा लावली. चार पॉइंट आठ. बारा भागिले चार पॉइंट आठ, अडीच ओम. मी ते निळ्या शाईनं रजिस्टरात लिहिलं आणि बघत बसले.

रोध कमी येतो म्हणजे वीज आख्ख्या तारेतून फिरत नाहीये, कुठंतरी मधले वेढे एकमेकांना चिकटलेत आणि ती आडवाटेनं पळतेय. तांब्यावरचा पातळ थर कुठंतरी खरचटला असला की असं होतं. हे मला पाठ होतं. पण तार भरताना ती खाचेच्या काठाला घासली तर बोटाला कळतंच, आणि ही बोटं कुणाची? अब्बांची. मग चूक कुणाची? उत्तर येत नसेल तर चूक तारेची नसते. अब्बा माझ्याकडं पाठ करून पाटावर बसले होते, पुढच्या मोटारीची कॉइल गुंडाळत. मी कंपासमधून ब्लेड काढलं. चार पॉइंट आठ खरवडला, अडीच खरवडला, नखानं कागद घोटला. उलटं चालत आले. तीन पॉइंट दोन पाहिजे तर तीन पॉइंट पंच्याहत्तर. लिहिलं. इतकं सफाईनं की ओळीला धक्का लागला नाही.

तरी चैन पडेना. वार्निश वाळून मोटार पिंपाला लागली तेव्हा मी कोपऱ्यात धूळ खात पडलेला अब्बांचा क्लॅम्प मीटर, वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा, वायरीला अडकवला. व्होल्टेज दोनशे अठरा होतं, करंट नऊ पॉइंट दोन. मोटारीच्या पत्र्यावर लिहिलेलं, दोनशे तीसला सहा पॉइंट आठ. गुणाकार माझ्या डोक्यात आपोआप झाला. असायला हवेत पंधराशे चौसष्ट, खातेय दोन हजारांवर. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर हे गणित मोटारीला तंतोतंत लागू पडत नाही, त्यात आणखी एक भानगड असते, ते मला पुढं बी.एस्सी.ला कळलं. पण दोन्ही बाजूंना मी एकच चूक करत होते, त्यामुळं फरक खोटा नव्हता. चारशे चाळीसच्या वर वॅट जातात कुठं? पाणी तर तेवढंच पडतंय. ते जात होते मोटारीच्या पोटात, उष्णता होऊन.

“अब्बा, नऊ ॲम्पिअर दाखवतंय.”

“सेल गया होगा मीटर का.”

“अब्बा, हात लावून बघा ना.”

अब्बांनी तळहात ठेवला. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोलले नाही. बसप्पा दारात उभे होते, ते नेहमीसारखे अब्बांच्या तोंडाकडं बघत होते. अब्बा म्हणाले, “थंडा है.” मोटारीवर पाण्याचे चार थेंब उडाले होते ते माझ्या देखत वाळले. मी ते बघितलं आणि तोंडाला कुलूप लावलं. बसप्पांनी मोटार पोत्यात गुंडाळून मोटरसायकलला बांधली आणि नेली.

चार दिवसांनी ती परत आली. बसप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उंबऱ्यावर बसले, टोपी काढून घाम पुसला. “चाचा, पुन्ना बसली की वो मोटार. तुमच्या हातची अशी कवा बसली न्हाय म्हनून इचारतो, माझंच काय चुकलं का? गुरांना दोन दिस झालं दुसऱ्याच्या हिरीवरनं घागरीनं पानी घालतोय. गोठ्यातला एक बैल दावं तोडून पळाला.”

अब्बा म्हणाले, “तार खराब आली असंल बसप्पा. तुमचं काय चुकलं न्हाय. बसा, आजच भरून देतो.”

तार खराब नव्हती. अब्बांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता कामाला लागलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा अब्बांची बोटं बघत बसले. पूर्वी ते तार भरताना गिऱ्हाइकाशी बोलायचे, रस्त्यावर कोण चाललंय ते बघायचे, बोटं आपली काम करत असायची. आता त्यांची नजर खाचेवरून हलत नव्हती. मान मोडेपर्यंत वाकून, सुईत दोरा ओवावा तसे ते एकेक वेढा डोळ्यांनी भरत होते. तारेचं टोक करंगळीत घुसलं, रक्ताचा थेंब पाटावर पडला, आणि ते भरतच राहिले. मी म्हटलं, अब्बा, रक्त. त्यांनी बोटाकडं असं बघितलं की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. मोटार वाळवायला बल्ब लावून तासभर झाला होता. बसप्पा चहा प्यायला टपरीवर गेले होते. अब्बांनी पोतं बाजूला केलं, मोटारीच्या पोटात हात घातला आणि बल्ब बाहेर काढला. पेटलेलाच. माझ्याशी बोलत होते, परीक्षेला पेन दोन ने, एक बंद पडलं तर काय करशील, असलं काहीतरी. बोलता बोलता थांबले, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले,

“क्या जलरा देख गे शाहीन.”

मी पिंपाकडं बघितलं, वायरीकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. मग त्यांच्या हाताकडं. बल्ब त्यांनी होल्डरला धरला नव्हता. काचेला धरला होता. दोनशे वॅट, दोनशे चौसष्ट ओम, आणि बोटं त्या काचेभोवती, आणि चेहऱ्यावर काही नाही. ते अजून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

इथून पुढचं मला सलग आठवत नाही, आठवू नये अशीच सोय असावी. दवाखान्याचा हिरवा पडदा आठवतो. डॉक्टरांनी अब्बांना डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला टाचणी लावत विचारत गेले, कळतंय? अब्बा म्हणत गेले, नई. पुढं? नई. मग तळहात. नई. शुगर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. म्हणाले, आधी पाय जातात, मग हात. मला चपला आठवल्या. “कधीपासून कळत नाही?” डॉक्टरांनी विचारलं. अब्बा म्हणाले, “आत्ताच. चार दिवस झाले असतील.”

जखम चिघळली. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची पेरं काढावी लागली. बसप्पांनी ती मोटार दुसरीकडं भरून घेतली आणि दवाखान्यात येताना दुधाची किटली घेऊन आले, हे अम्मीनं पुढं कितीतरी वर्षं सांगितलं. दुकान तेव्हापासून बंद. अब्बा एका ओळखीच्याच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागले, आणि पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, तिथं कशालाच वास नाही.

आणि माझं प्रॅक्टिकल? बोटं काढली त्याच्या तिसऱ्या दिवशी होतं. चिठ्ठी उचलली, निघालं काय, तर दिलेल्या तारेचा रोध काढणे. उत्तर फुटलं होतं. माझं रीडिंग चुकीचं येत होतं, की बरोबर येत होतं, देव जाणे, मी बघितलंच नाही. मी उलटं चालत आले. तीसपैकी एकोणतीस मिळाले. वाटेल त्याला वाटो की एवढं झाल्यावर मी शहाणी झाले असेन. मी सतरा वर्षांची होते आणि मला पास व्हायचं होतं.

महादेवीचं पुढं काय झालं ते राहिलंच. मी तिच्या शेजारी उभं राहून सगळी जोडणी तपासली. बॅटरी ठीक, वायर ठीक, तार ठीक. मनात म्हटलं, आता यातून काहीतरी मोठं निघणार. निघालं एवढंच की पोरगी ॲमीटरवरच्या आकड्यांच्या दोन पट्ट्यांपैकी भलतीच वाचत होती. परीक्षक खुदकन हसले. माझा चेहरा पडला. तिनं योग्य पट्टी वाचली, पाच पॉइंट दोन आलं, मी तिला जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी लिहायला लावली आणि आम्ही तिचे मार्क कापले नाहीत. जाताना ती दाराशी घुटमळली. तिच्या मानानं ती खूपच बोलली.

“मॅडम, एक विचारू? तुमी कधीच खोडलं न्हाय का?”

मी म्हटलं, जा, एसटी चुकेल. दुसऱ्या कुणाला फसवता आलं असतं, पण रिक्षात बसल्यावर स्वतःला किती फसवणार. रिक्षावाल्याला म्हटलं, आधी वडिलांकडं घ्या.

अम्मी जाऊन आता चार वर्षं झाली. अब्बा धाकट्या भावाकडं राहतात, दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात, पायात घट्ट पट्ट्याचे बूट. मी त्यांच्या कपाटाच्या तळातून ते खाकी कव्हरचं रजिस्टर काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं पानं उलटली. त्या पानाशी मी थांबवलं.

“अब्बा, होटगीच्या बसप्पांच्या मोटारीचं रीडिंग मी खोडलं होतं. अडीच ओम आलं होतं. मी तीन पॉइंट दोन लिहिलं.”

अब्बा पानाकडंच बघत होते. म्हणाले, “मालूम है.”

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. “ब्लेड की आवाज आयी थी. दुकान कित्ती बडी थी अपनी?”

त्यानंतर ते जे बोलले ते मी मराठीत लिहिते, आमच्या बोलीत ते मला लिहवत नाही. ते म्हणाले, डॉक्टरला मी चार दिवस सांगितलं, खोटं होतं. वर्षभर मला बोटांना काही कळत नव्हतं. मी डोळ्यांनी तार भरत होतो. रोज वाटायचं, आज कुणीतरी पकडणार. तू बॅटरी लावायचीस तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा, सातही मोटारींना. मग त्या दिवशी ब्लेडचा आवाज आला, तेव्हाच समजलं की आकडा वाईट आला आहे. आणि पोरीनं तो खोडला म्हणून मला बरं वाटलं. शाहीन, मला बरं वाटलं. मोटारीवर हात ठेवला तेव्हा गरम काय आणि थंड काय, मला काहीही कळत नव्हतं. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू गप्प राहिलीस, म्हणून मी म्हणालो, थंडा है.

समोरच्या गच्चीवर कुणीतरी कूलरमध्ये नवं गवत भरत होतं, त्याचे तुकडे उडून व्हरांड्यात येत होते. मला रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. राग आला. त्यांचा आला, माझा आला, आठ बाय दहाच्या त्या खोलीत एकमेकांकडं पाठ करून बसलेल्या आम्हा दोघांचा आला. एक जण बोलला असता तरी दोन बोटं वाचली असती. हे मी त्यांना मोठ्यानं म्हटलं. ते म्हणाले, “हौ. बची रहतीं.”

मग त्यांनी माझ्याकडं पेन मागितलं. उरलेल्या बोटांत ते बसेना, तेव्हा मलाच म्हणाले, लिही. मी तीन पॉइंट पंच्याहत्तरवर काट मारली आणि त्या जागी चार पॉइंट आठ लिहायला गेले. पण खरवडून खरवडून तिथला कागद इतका पातळ झाला होता की निब आरपार गेली. अब्बा म्हणाले, बाजूला लिही, जागा आहे की. मी समासात लिहिलं. बारा भागिले चार पॉइंट आठ. बरोबर अडीच. खाली तारीख टाकली, यंदाची.

भावाच्या बायकोनं चहा आणून ठेवला, स्टीलच्या पेल्यात. अब्बांनी हात पुढं केला आणि पेल्याच्या अलीकडं थांबवला. गेल्या कैक वर्षांत त्यांनी हे कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. जीभ भाजून घेत, पण विचारत नसत.

“देख गे,” ते म्हणाले, “गरम है क्या?”

मी पेल्याला बोटं लावली. चटका बसला.

“हौ अब्बा,” मी म्हटलं. “गरम आहे. थांबा जरा.”